सुप्याचा बुधवार: १२ मे १८७५

बारामती एमआयडीसीतून मोरगावमार्गे चौफुल्याला निघालं की वाटेत सुपे लागतं. या गावच्या भर बाजारात १२ मे १८७५ रोजी आसपासच्या खेड्यांतले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी वह्या आणि कर्जरोखे बाहेर ओढून रस्त्यात पेटवले. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदलेला उठाव इथे सुरू झाला आणि पुढच्या दोन महिन्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरला. भडका एका दिवसाचा होता, पण त्याचं सरपण चाळीस वर्षं रचलं जात होतं. म्हणून तासांचा हिशोब मांडण्याआधी वर्षांचा मांडावा लागतो, आणि तो इंदापुरातून सुरू होतो.

३९ वर्षं आधी: इंदापूर, १८३६

कंपनी सरकारने प्रिंगल या अधिकाऱ्याकडून ठरवून घेतलेला शेतसारा इतका जड होता की पुणे जिल्ह्यात शेतकरी जमिनी टाकून परागंदा झाले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने मोजणी करून, मातीचा कस बघून दर बसवले. ही नवी पद्धत पहिल्यांदा लागू झाली ती इंदापूर तालुक्यात, आणि तिच्यावरूनच पुढे मुंबई इलाख्याचा बंदोबस्त झाला. दर ३० वर्षांसाठी कायम केले होते आणि आधीपेक्षा हलके होते. ओसाड राने पुन्हा नांगराखाली आली.

पण सारा रोख भरायचा, ठरल्या तारखेला भरायचा, आणि पाऊस झाला नाही तरी भरायचा होता. भीमा आणि नीरा या दोन नद्यांमधल्या या पट्ट्यात पावसाचा भरवसा कधीच नव्हता. ज्याच्या घरात रोकड नाही, त्याला त्या तारखेआधी सावकाराची पायरी चढावी लागे. शिवाय नव्या व्यवस्थेत जमीन विकता येत होती, गहाण टाकता येत होती. म्हणजे कुणब्याकडे आता सावकाराला हवंसं वाटेल असं तारण आलं होतं.

१६ वर्षं आधी: १८५९

त्या वर्षी मुदतीचा कायदा झाला. कर्जाच्या साध्या रोख्याची मुदत तीन वर्षं ठरली, तेवढ्या काळात दावा लावला नाही तर रोखा बाद. व्याज वर्षानुवर्षं साचू नये, हा त्यामागचा विचार. व्यवहारात मात्र दर तीन वर्षांनी जुन्या रोख्यावरचं मुद्दल आणि व्याज एक करून नवा रोखा लिहून घ्यायची रीत पडली.

समजा, शंभर रुपये घेतले आणि दरमहा शेकडा दोन रुपये व्याज ठरलं. तीन वर्षांत व्याज ७२ रुपये. नवा रोखा १७२ रुपयांचा. आणखी तीन वर्षांनी तो २९६ च्या घरात जातो आणि नवव्या वर्षाअखेरीस ५०९ वर. मधे धान्य दिलं, कापूस दिला, रोख दिली, तरी पावती हातात येत नसे. किती जमा धरलं हे वहीला ठाऊक, आणि वही सावकाराच्या कुलपात.

रोख्याच्या तळाशी कुणब्याची सही कशी असे, तेही पाहण्यासारखं आहे. अक्षरओळख नाही, म्हणून लिहिणारा त्याच्या नावापुढे नांगराचं छोटं चित्र काढी. ‘निशाणी नांगर’. ज्या अवजाराने पोट भरायचं तीच त्याची कबुली, आणि वर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. कोर्टात मुन्सफासमोर मात्र तो कागद पुरा पुरावा ठरे. कूळ बहुधा हजरच राहत नसे. एकतर्फी हुकूमनामा होई आणि मग जप्ती.

१४ वर्षं आधी: १२ एप्रिल १८६१

या दिवशी अमेरिकेत यादवी युद्धाची पहिली तोफ डागली गेली. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येत होता. १८६१ साली वीस लाखांवर असलेल्या गासड्या १८६२ मध्ये ५५ हजारांवर आल्या. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी कापसासाठी पैसा मोकळा सोडला. तो शहरातल्या पेढ्यांमधून गावच्या सावकारापर्यंत आणि तिथून शेतकऱ्यापर्यंत पोहोचला. कापूस लावणाऱ्याला एकरामागे शंभर रुपये उचल मिळू लागली. त्याच काळात रेल्वेच्या कामावर मजुरी मिळत होती आणि धान्याला भाव होता. पत सहज वाढली, आणि तिच्याबरोबर रोखेही वाढले.

१८६५ मध्ये युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस पुन्हा निघाला आणि इथले भाव कोसळले. व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला. सावकाराने नवी उचल थांबवून जुनी बाकी मागायला सुरुवात केली.

८ वर्षं आधी: १८६७

नेमकी याच वेळी इंदापूरच्या बंदोबस्ताची ३० वर्षं भरली आणि फेरआकारणी आली. मोजणी खात्याने तेजीच्या काळातले भाव समोर ठेवून सारा वाढवला. इंदापुरापाठोपाठ भीमथडीची पाळी आली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. कितीतरी ठिकाणी वाढ ५० ते १०० टक्के होती. भाव पडलेले, पत आटलेली आणि सारा चढलेला, अशा तिन्ही गोष्टी एकाच कुणब्याच्या डोक्यावर आल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७३ मध्ये गावोगावची माहिती गोळा करून शेतकऱ्याची ही दैना सरकारपुढे मांडली. म्हणजे इशारा दोन वर्षं आधी मिळाला होता.

साडेसहा महिने आधी: २९ ऑक्टोबर १८७४

मुंबई सरकारने वाढीला मर्यादा घातली: तालुक्यावर ३३ टक्के, एका गावावर ६६ आणि एका खात्यावर १०० टक्क्यांहून जास्त वाढ नको. साऱ्याच्या थकबाकीसाठी जमीन विकण्याआधी घरातली जंगम मालमत्ता जप्त करावी, असंही त्याच हंगामात ठरलं. हेतू कुणब्याची जमीन वाचवण्याचा होता. परिणाम उलटा झाला. आजवर सावकार कुळाचा सारा भरत आला होता, कारण सारा थकला तर जमीन जाईल आणि तिच्याबरोबर त्याचं तारणही. आता जमिनीला तातडीचा धोका राहिला नाही, तेव्हा अनेक सावकारांनी सारा भरायला नकार दिला. वर्षानुवर्षं व्याज देऊनही ऐन वेळी हात झटकले गेले, ही गोष्ट शेतकऱ्याच्या जिव्हारी लागली.

५ महिने आधी: करडे, डिसेंबर १८७४

शिरूर तालुक्यातल्या करडे गावात कालूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला. त्या बजावणीत देशमुखांचं घर त्याच्या ताब्यात गेलं, आणि त्याने ते पाडायला घेतलं. देशमुख हे गावातलं मानाचं घराणं. ज्यांच्या वाड्यावर गाव गोळा व्हायचं, तो वाडा गावादेखत उतरवला जात होता.

करड्याने हात उगारला नाही. गावाने सावकारांशी व्यवहार तोडला. त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्यांची जमीन कसायची नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचं नाही. काही सावकार तालुक्याच्या गावी निघून गेले. ही बातमी बाजारांतून आणि सोयऱ्याधायऱ्यांतून भीमथडी आणि इंदापुरापर्यंत आली.

शेवटचे आठवडे: कळस, तालुका इंदापूर

कळसच्या गावकऱ्यांनी बहिष्काराचा लेखी करार केला. गुजर सावकारांची शेतं जो कसेल किंवा त्यांची चाकरी करील, त्याला न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार यांची सेवा मिळणार नाही. त्याला जातीच्या पंगतीत बसता येणार नाही, त्याच्या घरी सोयरीक होणार नाही. ज्या लोकांना रोख्यावर नांगराची निशाणी करण्यापलीकडे कागद माहीत नव्हता, त्यांनी या वेळी आपल्या शर्ती स्वतः लिहून घेतल्या. मला या साऱ्या घटनाक्रमातला हा सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो. सरकारने याच क्षणी कळसला माणूस धाडून गावाचं म्हणणं ऐकलं असतं, तर सुपे टळण्याची शक्यता होती.

त्याच दिवसांत गावांमधून एक आवई फिरत होती. सावकारांनी रोखे परत करावेत असा हुकूम विलायतेहून निघाला आहे, अशी. लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला, कारण न्याय कुठून तरी येईल ही आशा अजून मेली नव्हती.

२४ तास आधी: मंगळवार, ११ मे १८७५

वैशाख. अक्षय्य तृतीया होऊन तीन-चार दिवस झालेले. रब्बी निघून गेलेली, रानं उन्हात तापत पडलेली. मृगाला चार आठवडे बाकी. शेतकऱ्याच्या वर्षातला हा सर्वांत कोरडा पंधरवडा. बियाणं हवं, बैलाला वैरण हवी, घरात दाणा हवा, आणि तिन्ही सावकाराकडूनच मिळणार. याच दिवसांत जुना रोखा फाडून वाढीव आकड्याचा नवा लिहिला जातो. गावोगावच्या सुतार-लोहारांनी कुणाला नकार दिला, कुठला सावकार बिऱ्हाड हलवून गेला, याची बोलणी चालू आहेत. आणि सगळ्या गावांची माणसं एकत्र भेटायची जागा एकच: आठवड्याचा बाजार.

बुधवार, १२ मे: सुपे

सुपे ही मोठी पेठ. आसपासच्या खेड्यांचं धान्य, कापड, मीठ-मिरची इथे येई आणि देवघेव करणारे सावकारही इथेच राहत. त्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांकडे वह्या आणि रोखे मागितले. मग दुकानं फुटू लागली. डझनभर घरांचे दरवाजे मोडले आणि आतलं सारं बाहेर आलं. एक घर पेटवून दिलं. हिशोबाच्या वह्या, रोखे, धान्य आणि देशी कापड यांचे रस्त्यात ढीग झाले आणि ते जाळले गेले. काही माल लोकांनी उचलून नेला.

लूट झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांची घरं फुटली त्यांच्यात बायका-मुलं होती, म्हातारी माणसं होती, आणि त्यांच्या वाट्याला आलेली भीती खरी होती. मारवाडी आणि गुजर सावकारांवरच बहुतेक सगळा रोष उतरला. देवघेव करणारे ब्राह्मण आणि इतर जातींचे लोक बहुतांशी सुटले. बाहेरून आलेल्याला गावात नातंगोतं नसतं, म्हणून त्याच्यावर राग काढणं सोपं जातं. तो अन्याय होता, आणि तो तसाच नोंदवला पाहिजे.

पहिले २४ तास: सुपे ते चौदा मैल

दुसरा दिवस संपण्याआधी सुप्यापासून चौदा मैलांवरच्या एका गावात तिथल्या बड्या सावकाराच्या गंजी जळाल्या आणि राहत्या घराला आग लागली. तार नव्हती, छापील पत्रक नव्हतं. बाजारातून परतलेल्या माणसांनीच ही बातमी नेली.

७२ तास: शनिवार, १५ मे

पुण्याचा जिल्हा मॅजिस्ट्रेट सुप्यात पोहोचला. तीन दिवस उलटले तरी रस्त्यात राखेचे ढीग तसेच पडलेले होते.

९६ तास: रविवार, १६ मे

त्याने वरिष्ठांना पत्र लिहिलं. फौजदाराने ५० जणांना धरलं होतं. दोन हजार रुपयांचा चोरीचा माल हाती लागला होता. नुकसानीचा अंदाज २५ हजारांवर होता, सावकार मात्र ते लाखावर सांगत होते. या पत्रात जळालेल्या मालाची किंमत आहे. जळालेल्या रोख्यांवर किती घरांची किती वर्षांची मेहनत चढली होती, तो आकडा त्यात नाही. तो कुणी विचारलाच नव्हता.

पहिला महिना

भीमथडीतून उठाव शिरूर, इंदापूर, पुरंदरकडे आणि भीमेपलीकडे नगर जिल्ह्यात गेला. सुपे सोडलं तर सगळीकडे एक ठाम रीत दिसते. गावाच्या शिवेवर टेहळ्या बसवायचे, सरकारी माणूस दिसला की तो वर्दी देई. जमाव सावकाराच्या दारात जाऊन रोखे मागे. ते मुकाट दिले की बहुधा तिथेच प्रकरण मिटे आणि लोक घरी जात. सावकाराने दार लावून घेतलं तर जबरदस्ती होई. जिवावर उठणं फार क्वचित घडलं. इतक्या गावांत इतका संताप असूनही माणसं मारली गेली नाहीत, ही या उठावाची सर्वांत बोलकी गोष्ट आहे. त्यांना कागद हवा होता आणि कागद मिळाला की ते थांबत होते.

सरकारला मात्र १८५७ दिसू लागलं होतं. लष्कर आलं. दंगेखोर ठरवलेल्या गावांत पोलीस ठाणी बसली.

३४ दिवसांनी, ७१ दिवसांनी

जूनमध्ये शांतता आली असं वाटत असतानाच १५ तारखेला मुढाळ्यात आणि २२ जुलैला निंबूतमध्ये पुन्हा उद्रेक झाला. दोन्ही गावं आजच्या बारामती तालुक्यातली. १० सप्टेंबरला तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात कोकरूडला शेवटची मोठी घटना घडली.

ज्यांनी आग लावली, त्यांचं काय झालं

पुणे जिल्ह्यात ५५९ जणांना अटक झाली, त्यांपैकी ३०१ जणांना शिक्षा झाली. नगर जिल्ह्यात ३९२ धरले गेले, २०० जणांना शिक्षा झाली. एकूण ९५१ अटका आणि ५०१ शिक्षा.

अमेरिकेतही याच दुखण्यातून असाच उठाव झाला होता. स्वातंत्र्ययुद्ध जिंकून आलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यांवर जड कर आणि कर्जाचे हुकूमनामे आले, तेव्हा १७८६ मध्ये त्यांनी कोर्टं बंद पाडली. २५ जानेवारी १७८७ रोजी ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर गेले, तोफेने चार जणांचा बळी घेतला आणि दहा दिवसांत उठाव मोडला. त्यांचा म्होरक्या डॅनियल शेज व्हरमाँटला पळाला, पुढे त्याला माफी मिळाली आणि तो १८२५ साली न्यूयॉर्क राज्यात वारला. जॉब शॅटक पकडला गेला, त्याची फाशी माफ झाली. जॉन ब्लाय आणि चार्ल्स रोज या दोघांना मात्र ६ डिसेंबर १७८७ रोजी फासावर चढवलं. जिंकणाऱ्यांनी आणि हरणाऱ्यांनीही ती नावं जपली, आणि त्या देशाची राज्यघटना लिहिताना हा उठाव सगळ्यांच्या मनात होता.

पुणे जिल्ह्यातल्या त्या ३०१ जणांतलं एक नाव आपल्यापैकी कुणाच्या ओठांवर आहे? देशमुखांचं घर आठवतं, कालूराम आठवतो, गोल्डस्मिड आणि विंगेट आठवतात. बुधवारी बाजारात उभे राहिलेले आठवत नाहीत. खटल्यांत ज्यांना शिक्षा झाल्या, त्यांचे वंशज याच तालुक्यांत नांदत असणार. त्यांच्या पणजोबांची ओळख ‘दंगेखोर’ एवढ्यावर संपवणं हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय आहे.

४ वर्षांनी: १८७९

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. त्यात दोष सावकारावर ठेवला होता, सरकारच्या साऱ्यावर नाही. आयोगाचे एक सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र वेगळं टिपण लिहून साऱ्याच्या वाढीवर बोट ठेवलं. दरम्यान १८७६-७७ चा दुष्काळ येऊन गेला आणि ज्यांना रोख्यांनी नागवलं होतं त्यांना भुकेने गाठलं. त्याच दुष्काळी कामांतून नीरा डावा कालवा निघाला, ज्याच्या पाण्यावर पुढे बारामती-इंदापूरचा ऊस उभा राहिला.

१८७९ मध्ये दख्खन शेतकरी साह्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. रोख्यावरचा आकडा डोळे मिटून खरा धरायचा नाही, मुळात दिलं किती आणि फेडलं किती हे न्यायाधीशाने तपासायचं, असं त्याने ठरवलं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं. रोखे गावच्या निबंधकासमोर करायचे झाले. आणि कुळाला पैसे दिल्याची पावती, वर्षाचा हिशोब आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला.

या कायद्यालाही पळवाटा सापडल्या आणि कर्ज संपलं नाही. तरीही त्यातलं एकेक कलम वाचावं. दिलं किती, फेडलं किती, ते माझ्यासमोर मांडा. सुप्याच्या बाजारात सावकाराच्या दारी उभ्या राहिलेल्या कुणब्याची मागणी हीच होती, आणि सरकारला ती कबूल करायला चार वर्षं, एक दुष्काळ आणि ५०१ शिक्षा लागल्या. आज एमआयडीसीत पाळी करणारा मुलगा गाडीच्या कर्जाचा कागद न वाचता सही करतो, तेव्हा त्याला हा हक्क कुणी मिळवून दिला हे सांगणं आपलं काम आहे. शिक्षा झालेल्या त्या ३०१ जणांची नावं दप्तरांतून शोधून सुप्यात दगडावर कोरली पाहिजेत, आणि त्यांच्या खाली त्यांची मागणी लिहिली पाहिजे: हिशोब दाखवा.